इवाई, गाडी दुरुस्त झाली का?

व्याही, तुमचं तेरावं उरकून काल बोरीला परत आलो. पूर्णेहून परभणीपर्यंत रेल्वेत बसायला मिळालं, पुढं एसटीत उभं राहावं लागलं. घरी आल्यावर ओसरीवर टेकलो तो उठवेना. कुशाच्या आईनं चहा आणून ठेवला, त्यावर साय धरली, तरी माझा हात पुढं गेला नाही. माणूस गेलं की दुःख होतं हे ठाऊक होतं. एवढं थकायला होतं हे मात्र तुम्ही गेल्यावर कळलं.

व्याह्यासाठी गळा काढायची आपल्यात रीत नाही. दुखवट्याचा टॉवेल-टोपी घेऊन जायचं, जावयाच्या डोक्यावर टोपी ठेवायची, चार समजुतीचे शब्द बोलायचे आणि मिळेल त्या गाडीनं निघायचं. मी ते सगळं रीतसर केलं. तुमच्या ओट्यावर जमलेले लोक तुमच्याबद्दल बोलत होते. मालधक्क्यावरची तुमची नोकरी, तुमचं कडक बोलणं, भांडणं मिटवायची तुमची हातोटी. मी ऐकत होतो. त्यांच्या बोलण्यात तुम्ही कुठंही गाडीखाली उताणे पडलेले नव्हतात. माझ्या डोळ्यांपुढं तर तुम्ही तसेच येता. माझ्या अंगणात, गोणपाटावर, धोतराचा काचा मारलेला, नाकाला ग्रीस लागलेलं, आणि शेजारी मी.

सोयरीक झाली तेव्हा आपण एकमेकांना कुठं ओळखत होतो? तुम्ही मुलाकडचे, मी मुलीकडचा, एवढीच काय ती ओळख. मुलीचा बाप म्हणून मी तुमच्या प्रत्येक शब्दाला मान डोलावली. माझ्या लेकीचं नाव कुशावर्ता. माझ्या आईनं हौसेनं ठेवलेलं. विहीणबाईंना ते जुनाट वाटलं. मग लग्नात ताटात तांदूळ पसरले, तुमच्या विलासनं अंगठीनं त्यात ‘मनीषा’ लिहिलं, पेढे वाटले आणि झालं. कुशाची आई पदर डोळ्याला लावून उभी होती. कुशा काही बोलली नाही. बी.ए. झालेली पोरगी, तिला काय म्हणायचं होतं ते तिनं पुढं म्हटलं, आणि नको त्या वेळी म्हटलं.

त्या दिवसांत विद्यापीठाच्या नावावरून सगळा मराठवाडा तापलेला होता. गावोगावी भांडणं, वस्त्यांना लागलेल्या आगी. कुशा परभणीला कॉलेजात होती तेव्हा तिच्या खोलीत राहणाऱ्या शोभाचं गावाकडचं घर त्यात जळालं. अंगावरच्या लुगड्यानिशी तिची माणसं बाहेर पडली होती. हे कुशाच्या मनात होतं. आणि तुमच्या घरी एकदा विलासचे मित्र जेवायला बसले असताना, नाव बदलू देणार नाही, रक्त सांडू, अशा गप्पा रंगल्या. कुशा वाढत होती. वाढता वाढता म्हणाली, “नाव दिल्यानं कुणाचं काय जायलंय?”

कुणीतरी हसलं. बायकांनी यात पडू नये म्हणालं. त्यावर ती म्हणाली, “माझं नाव बदललं तवा ताटभर तांदळात काम झालं. कुणी मोर्चा काढला न्हाई, कुणी दगड मारला न्हाई. विद्यापीठाचंच नाव एवढं नाजूक हाय का?”

विलासनं सगळ्यांच्या देखत तिच्या थोबाडीत मारली. तुम्ही तेव्हा ड्यूटीवर होतात. दुसऱ्या दिवशी ती पिशवी घेऊन बोरीला आली. काय झालं ते तिनं आम्हाला एकदाच सांगितलं. तिची आई रडली. मी म्हणालो, संसारात होतं असं, चार दिवस राहा, मग बघू. त्यानंतर ती माझ्याशी कामापुरतंच बोलायला लागली.

चार दिवसांचे बरेच दिवस झाले आणि एका संध्याकाळी तुम्ही गाडी घेऊन आलात. कुठल्याशा कंत्राटदाराकडून घेतलेली ती काळी जुनी मोटार. तुम्ही तिला लेकीसारखं जपायचात आणि ती तुम्हाला सासूसारखी छळायची. तुम्ही कशाला आलात ते घरातल्या सगळ्यांना कळलं. मी पाय धुवायला पाणी दिलं. आपण कापसाचं बोललो, थंडीचं बोललो, पूर्णेच्या नव्या स्टेशनमास्तरचं बोललो. थोबाडीत मारल्याचं कुणीच काढलं नाही. जेवताना तुम्ही हळूच म्हणालात, “सकाळी निघू म्हणतो. सूनबाईलाबी तयार राहायला सांगा.” मी म्हणालो, “तुमी म्हणाल तसं.” आतून भांडं जरा जोरात आपटल्याचा आवाज आला.

सकाळी उठून बघतो तर अंगणात पेट्रोलचा वास कोंदलेला. गाडीखालची माती बैठकीएवढी ओली झालेली. दुसऱ्या दिवशी बंद आहे म्हणून तुम्ही परभणीत टाकी काठोकाठ भरून आला होतात, ते सगळं आता थेंबाथेंबानं माझ्या अंगणात उतरत होतं. बोरीत गॅरेज नव्हतं. परभणी बंद, जिंतूर बंद, एसटी बंद. बंद कुणाचा होता ते आता आठवत नाही. तेव्हा आज यांचा तर उद्या त्यांचा, आणि दोन्ही दिवशी घरात कोंडलेले आपणच. कुणाला बोलावणार? आपल्यालाच करावं लागणार होतं. माझ्याकडं विहिरीवरच्या ऑइल इंजिनाचे पाने होते, तुमच्या डिकीत एक पक्कड आणि एक स्क्रू-ड्रायव्हर होता. विहिरीवरचं इंजिन खोलून मी म्हातारा झालेला, आणि तुम्हीही त्या गाडीपायी अर्धे मिस्त्री झालेले. काम काही अवघड नव्हतं.

ते अवघड आपण केलं. मी अजून वाकून पाहिलंही नव्हतं, तेवढ्यात काहीतरी बोलायचं म्हणून बोललो, “पंपाचा वायसर गेला असल.” तुम्ही लगेच म्हणालात, “बराबर हाय. तुमी म्हणताव तर पंपच.” मग मी गाडीखाली वाकलो. थेंब मधल्या भागात पडत होते, पण वरून येणारी ओल मागून आलेली स्पष्ट दिसत होती. अंगणाला पुढं उतार, त्यामुळं मागचं पेट्रोल नळीच्या अंगानं वाहत पुढं येऊन टपकत होतं. गळती मागं, टाकीला होती. मला दिसलं. पण तोंडातून शब्द निघेना. व्याह्याला कसं सांगायचं, तुमची टाकी कुजलीय म्हणून? मुलीच्या बापानं मुलाकडच्या वस्तूला नावं ठेवायची नसतात. आणि तुम्हाला तर माझ्या आधीच दिसलं होतं, हे तुम्ही फार पुढं कबूल केलंत. पण पाहुण्यानं यजमानाला खोटं कसं पाडायचं, हा तुमचा घोळ. असे आपण दोघं शहाणे, टाकीकडं पाठ करून पंप खोलायला बसलो.

किती निगुतीनं खोलला होता तो पंप! आधी नळी सोडवून पेट्रोल डब्यात काढून घेतलं, सांडायला नको म्हणून दोन डबे भरले. पंपाची काचेची वाटी उतरवली, धुतली. आतला वायसर चांगला टणक होता, तरी मी म्हणालो, “झिजलाय.” तुम्ही म्हणालात, “लय झिजलाय.” माझ्या इंजिनाच्या पॅकिंगच्या तुकड्यातून कात्रीनं नवा कापला. तुम्हाला बिडीची तलफ यायची, मग तुम्ही उठून पार वेशीपर्यंत जायचात आणि ओढून परत यायचात. कुशाच्या आईनं चूल पेटवलीच नाही, भाकरी शेजारी जाऊन थापल्या. कुशा ओसरीवर ज्वारी निवडत बसली होती. मान वर करून बघायची आणि परत सुपात बघायची.

सगळं जोडलं. थेंब थांबला होता. आपण एकमेकांकडं असं बघितलं की जणू धरण बांधलं. तुम्ही म्हणालात, “इवाई, तुमचा हात लय भारी.” मी म्हणालो, “नदर तुमची.” जेवलो, पान खाल्लं, आणि निघायची तयारी म्हणून डब्यांतलं पेट्रोल टाकीत परत ओतलं. जरा वेळानं टप, टप, टप. टाकी अर्धी झाली की पातळी गळतीच्या खाली जाते आणि गळती थांबते, हे आपल्या दोघांच्याही ध्यानात आलं होतं. पण आता ते बोलायचं म्हणजे सकाळपासूनचं सगळं वाया गेलं म्हणायचं. तुम्ही म्हणालात, “नळीचा जोड ढिला असल.” मी म्हणालो, “तुमी म्हणताव तर तसंच.” आणि आपण परत गोणपाटावर आडवे झालो. मला आठवतं, मी इतका वैतागलो होतो की डोळे मिटून नुसता पाना फिरवत होतो.

कुशा उठली. भिंती सारवायला ठेवलेला कोरडा चुना तिनं वाटीत घेतला, फडक्यानं टाकीचं पोट पुसून कोरडं केलं आणि त्यावर हातानं चुना फासला. गळकी घागर कुठं पाझरते ते बघायला बायका राख फासतात ना, तसं. चुलीतली राख तिनं मुद्दाम आणली नाही, एखादी ठिणगी राहिली असली तर पेट्रोल पेटायचं. मग ती बाजूला उभी राहिली. पांढऱ्या चुन्यावर, टाकी आवळून धरणाऱ्या पट्ट्याच्या कडेनं, एक ओली काळी रेघ हळूहळू उमटली.

“हे बघा,” ती म्हणाली. “दोघांनाबी सकाळपासून दिसायलंय कुठं गळायलंय ते. एकजण बोलल तर शपथ. मला कुणी मारलं तेबी दोघांना ठाव हाय. तेबी कुणी बोलंना.”

आणि ती आत निघून गेली. व्याही, आपण किती वेळ तसेच पडून होतो? वर टाकीला चुना आणि खाली दोघं म्हातारे. मला काहीतरी बोलून तिची बाजू सावरायची होती, पोर लहान आहे, मनावर घेऊ नका, असलं काहीतरी. ते बोलायच्या आधी तुम्हाला हसू आलं. पोट हलेपर्यंत हसलात. “इवाई,” तुम्ही म्हणालात, “सोयऱ्याला चुना लावला की वो तुमच्या लेकीनं.” मग हसू थांबलं आणि तुम्ही बराच वेळ त्या रेघेकडं बघत राहिलात. तुमचा चेहरा मला तेव्हा वाचता आला नाही. मला वाटलं, तुम्हाला राग आलाय.

पुढचं काम मग भरभर झालं. कुणी कुणाला मान दिला नाही. “पट्टा ढिला करा.” “अहो, उलटा फिरवायलाव तुमी.” “धरा ना नीट, झोपलाव का?” पेट्रोल परत काढलं. टाकीला जोडावर बारीक चीर पडली होती, पट्टा घासून घासून. कथलाचा डाग देऊन ती सांधायला परभणी उघडायला हवी. तोवर धुण्याचा साबण. पेट्रोलमध्ये साबण विरघळत नाही, हे तुम्हाला मालधक्क्यावरच्या ट्रकवाल्यांनी शिकवलेलं. साबण मळून मऊ केला, चिरेत अंगठ्यानं दाबून बसवला, वर फडक्याची पट्टी, वर पुन्हा साबण, आणि पट्टा आवळला. टाकी भरली. दिवस मावळेपर्यंत थांबून बघितलं, थेंब नाही. हे खरंखुरं दुरुस्त झालं होतं. मला वाटलं, आता सकाळी तुम्ही कुशाला घेऊन निघणार, आणि वाईट वाटायच्या आधी मला सुटल्यासारखं वाटलं. गावात लोक विचारायला लागले होते.

सकाळी तुम्ही एकटेच गाडीत बसलात. म्हणालात, “साबणाचा भरवसा न्हाई. असल्या गळक्या गाडीत लेकीला न्हेत न्हाईत. दुरुस्त झाली की येतो.” ओसरीवर उभ्या असलेल्या कुशाला तुम्ही पहिल्यांदाच तिच्या माहेरच्या नावानं हाक मारलीत. “येतो गं कुशावर्ता.” आणि गेलात.

मग ते वर्ष सुरू झालं. तुम्ही येत राहिलात. केळी घेऊन यायचात, कधी विहीणबाईंनी दिलेली शेवयांची पिशवी आणायचात, जेवायचात, कुशाशी नामांतरावरून कडाकडा भांडायचात. तुम्ही विरोधातलेच होतात, शेवटपर्यंत. तुमचे वडील रझाकारांच्या काळात जंगलात लपून राहिलेले, मराठवाडा हे नाव म्हणजे तुम्हाला त्यांची कमाई वाटायची. कुशा म्हणायची, “मामा, तुमच्या वडलानं सोसलं म्हणून शोभाच्या वडलानं सोसलेलं खोटं व्हतं का?” तुम्ही म्हणायचात, “खोटं न्हाई म्हणत मी.” ती म्हणायची, “मग?” तुम्ही भाकरी मोडायचात आणि पुढच्या खेपेला नवा मुद्दा घेऊन यायचात. तुम्हाला तिनं कधी पटवलं नाही, आणि तुम्ही तिला कधी गप्प बस म्हणाला नाहीत. माझ्या घरात एवढ्या मोठ्यानं कुणी बायकांशी वाद घातला नव्हता. मला आधी लाज वाटायची, मग मी कान देऊन ऐकायला लागलो. कुशा हसायला लागली ती तुमच्याशी भांडता भांडता.

पण निघताना तेच. मी विचारायचो, “इवाई, गाडी दुरुस्त झाली का?” आणि तुम्ही मान हलवायचात, “न्हाई अजून. गळायलीय.” मी म्हणायचो, डाग द्यायचं ते काम किती? परभणीत अर्ध्या दिवसात होतं. तुम्ही म्हणायचात, बघू. मी खाली वाकून बघायला जायचो तर दंड धरून उठवायचात. “राहू द्या, धोतर खराब हुईल.” हे तुम्ही मला म्हणायचात, ज्याच्या शेजारी दिवसभर तेलात लोळलात त्याला. मला ते लागायचं. मनात यायचं, यांना सून न्यायचीच नाही. पोराचं दुसरं काही ठरवत असतील. लेक माझ्या गळ्यात बांधून हे केळी खायला येतात.

देवगाव फाट्याला तर मी तोंड सोडलंच. कुणाच्या तरी लग्नाला जाताना आपण तिथं चहाला थांबलो होतो. भोवती वऱ्हाडी, एसटीची वाट बघणारे. मी सगळ्यांच्या देखत म्हणालो, “इवाई, सून न्यायची हाय का न्हाई ते एकदाचं सांगून टाका. गाडीचं निमित्त बस झालं. गाडी न्हाई तर बैलगाडीत न्ह्या.” तुमचा कप तसाच हातात राहिला. तुमच्यासारख्या तापट माणसानं त्या दिवशी मला फाट्यावर उभं आडवं धुतलं असतं तरी कुणी काही म्हटलं नसतं. तुम्ही एवढंच म्हणालात, “इवाई, अजून गळायलीय वो.” आणि चहा पिऊन टाकलात. त्यानंतर लग्नघरी आपण दोन वेगवेगळ्या पंगतींत जेवलो. हे भांडण आपण नंतर कधी मिटवलं नाही. तुम्ही येणं थांबवलं नाही, मी विचारणं थांबवलं, एवढंच.

मग एक दिवस विलास आला. एकटा, एसटीनं, उन्हातून चालत. ओसरीवर बसला नाही, खाली अंगणातच उभा राहिला. कुशाला बाहेर बोलवा म्हणाला. ती आली. तो तिच्या आईच्या आणि माझ्यासमोर म्हणाला, “मी हात उचलला ते वाईट केलं. पुन्हा उचलणार न्हाई.” कुशानं ओसरीवर चटई टाकली. मग म्हणाली, “बसा. पाणी आणते.” त्या दिवशी ती गेली नाही. त्याला आणखी दोनदा यायला लावलं. बोलून, विचारून, पूर्णेत शाळेवर नोकरी करणार हे ठरवून, स्वतःच्या नावानं हाक मारायची हे कबूल करून घेऊन, मग गेली. तिचं बरं चाललंय. तुम्हाला मी काय सांगू, तुमच्याच घरात होती ती, तुमच्या शेवटच्या दुखण्यात तुम्हाला पाणी पाजायला तीच होती.

तर काल, जेवणं झाल्यावर, विलास मला परसात घेऊन गेला. ती गाडी तिथं ताडपत्रीखाली उभी आहे. म्हणाला, मामा, हिचं काय करावं? मी म्हणालो, टाकीचं बघायला लागेल, जुनी गळती आहे. तो माझ्याकडं बघायला लागला.

“गळती? टाकीला तर बाबांनी बोरीहून आल्यावर लगेच डाग मारून घेतला व्हता. मीच गेलतो सोबत.”

मी म्हणालो, “मग वर्षभर काय सांगायले ते?”

“घरीबी तेच सांगायचे. आई विचारायची, सूनबाईला कधी आणायचं? म्हणायचे, गाडी दुरुस्त न्हाई. मी म्हणायचो, बाबा, तुमी अन् मीच तर डाग मारून आणला. तर माझ्याकडं बघून म्हणायचे, न्हाई, अजून दुरुस्त न्हाई.” त्यानं ताडपत्रीची कड सरळ केली. “माझ्याशी त्या वर्षात दुसरं काही बोललेच न्हाईत ते. मला लय उशिरा कळलं, मामा. गाडी म्हणजे मी व्हतो.”

मी त्याच्या खांद्यावर हात ठेवून उभा राहिलो. पोरगा रडत होता, आणि मला तुमचा अभिमान वाटत होता, खरं सांगतो. बापानं पोराला असं वठणीवर आणावं. देवगाव फाट्यावरचं माझं बोलणं आठवून कान तापले, पण मनात म्हटलं, व्याह्यांनी मला थोडं जरी सुचवलं असतं तर मीही साथ दिली असती. मला परकं का धरलं?

तेच मी कुशाला विचारलं. ती न्हाणीजवळ तुमच्या तेराव्याची भांडी पालथी घालत होती. म्हणालो, “तुला ठाव व्हतं, गाडी दुरुस्त झालती?”

“हां.”

“कवापासून?”

“मामा पहिल्या खेपेला आले तवाच. मी गाडीजवळनं गेले तर पेट्रोलचा वासच न्हाई.”

“अन् मला का सांगितलं न्हाईस? त्यांनी का सांगितलं न्हाई?”

तिनं हातातलं भांडं खाली ठेवलं. रागानं नाही, अगदी साध्या आवाजात म्हणाली, “आबा, गाडी दुरुस्त हाय असं तुमाला कळलं असतं, तर तुमी मला त्याच दिवशी तिच्यात बसवलं असतं.”

तिनं खाली ठेवलेलं भांडं मी उचललं आणि पालथं घातलं.

विलासला वाटतं, ते खोटं त्याच्यासाठी होतं. असेल, अर्धं त्याच्यासाठी असेल. पण पूर्णेहून बोरीला येऊन, माझ्या ओसरीवर बसून, माझ्या तोंडावर दर खेपेला जे सांगितलंत ते माझ्यासाठी होतं. माझ्या लेकीला वर्षभर तुम्ही माझ्यापासून सांभाळलंत. फाट्यावर चार लोकांत मी पाणउतारा केला तोही गिळलात, आणि मरेपर्यंत मला कळू दिलं नाहीत. मला तुमचा राग येतोय, व्याही. भांडायला तुम्ही नाहीत म्हणून जास्तच येतोय. आणि राग येत असतानाच वाटतं, तुमच्या पायांवर डोकं ठेवावं. मुलीचा बाप मुलाच्या बापापुढं रीत म्हणून वाकतो, तसा मी लग्नात वाकलो होतो. तसं नाही.